चार वाजताचा भूकंप

मोबाइलच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझा हात धरणारा कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी महेबूब मास्तर. उभा जन्म पोरांना भूगोल शिकवण्यात गेला. उपग्रह पृथ्वीभोवती कसा फिरतो हे ज्यानं फळ्यावर काढून दाखवलं, त्याला हातातल्या खेळण्याचं काय कौतुक! म्हणून आमची लेक सादिया नांदेडहून नवा फोन घेऊन आली आणि त्यात तिनं काय काय लावून ठेवलंय ते समजावू लागली, तेव्हा मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, बेटा, समजलं सगळं. ती म्हणाली, अब्बा, निदान एवढं तरी ऐका, फोन दुपारी कुडत्याच्या खिशात ठेवत जा. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे.

आमचं घर लातुरात, क्लासच्या वस्तीत. पुढची खिडकी उघडली की एका क्लासची पाटी दिसते, मागची उघडली की दुसऱ्या क्लासच्या सरांचा आवाज येतो. गल्लीत जेवढी घरं तेवढी भाड्यानं दिलेल्या खोल्यांची, आणि प्रत्येक खोलीत एक डॉक्टर होऊ घातलेलं लेकरू. आमच्या मागच्या खोलीतही एक होतं. अयोध्या तिचं नाव. किल्लारीची पोर, शांत, अभ्यासात बुडालेली. तिला भाकरी करून घालायला आजी यशोदाबाई सोबत आलेल्या. स्वयंपाकघर आम्हा दोघांत एकच.

अयोध्याची परीक्षा जवळ आली तसं आमच्या घरानं मौन धरलं. दारावरची बेल काढली. टीव्ही मुका झाला. माझी बायको कमरुन्निसा कुकरची शिट्टी वाजायच्या आत गॅस बंद करी, त्यामुळे त्या दिवसांत आम्ही डाळ चावून खाल्ली. माझा फोनही अर्थात व्हायब्रेटवर. दुपारचं जेवण झालं की मी तो चार्जिंगला लावायचो. बटण स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मांडणीशेजारी. त्यामुळे फोन मांडणीच्या वरच्या फळीवर, पिठाच्या स्टीलच्या डब्यावर ठेवायचा आणि मधल्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं, असा माझा शिस्तीचा कार्यक्रम होता.

आता किल्लारीच्या माणसाबद्दल एक सांगायला हवं. त्याचा एक कान कायम भांड्यांकडे असतो. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटे यशोदाबाईंच्या घराच्या दगडमातीच्या भिंती बसल्या. लहानग्या भारतला, म्हणजे अयोध्याच्या वडलांना, त्यांनी मनगट धरून ओढून बाहेर काढलं. बाकी दोघं आतच राहिली. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. पण आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवशी त्यांनी आधी मांडणी बघितली, ताटं एकाला एक खेटून उभी केली आणि म्हणाल्या, "हितनं आवाज आला की बाहीर. मागं बघायचं न्हाई."

तर सादिया नांदेडला परतली त्याच्या दुसऱ्याच दुपारी, ठीक चार वाजता ताटं वाजली.

यशोदाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मांडणीतून आधी घुंईऽऽ असा आवाज आला, मग ताटं थरथरली, आणि एक पेला गडगडत खाली आला. त्यांनी सूप फेकलं, अयोध्याचं मनगट धरलं आणि 'भुई हाललीऽऽ' असं ओरडत त्या रस्त्यावर आल्या. लातुरात हे दोन शब्द एकदा उच्चारले की तिसऱ्याची गरज पडत नाही. खोल्याखोल्यांतून पोरं पुस्तकांसकट बाहेर पडली. समोरचे शेषेराव अर्ध्या दाढीनं आले. मी झोपेतून उठून लुंगी सावरत धावलो, ती बाहेर येईपर्यंत पुरती सावरली नव्हती, पण कुणी बघत नव्हतं.

बाहेर आल्यावर प्रत्येकाला धक्का जाणवला होता. शेषेरावांनी पंखा हलताना पाहिला होता. पंखा चालूच होता, पण ते कुणी विचारलं नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. भूगोलाचा मास्तर! मला काहीच जाणवलं नव्हतं, मी घोरत होतो. पण एवढ्या माणसांसमोर असं कसं सांगणार? मी आकाशाकडे पाहिलं (भूकंपाचा आकाशाशी काही संबंध नाही, पण बघितलं की बरं दिसतं) आणि म्हणालो, "पूर्व-पश्चिम हालली. खाट सरकली माझी."

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी महेबूब मास्तर कसला! माझ्याच फोनवर मी एक आवाजी संदेश तयार केला. त्यात भूपृष्ठाखालचे थर, त्यांचा ताण, सगळं आलं. तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो निलंग्याला जाऊन आला, आणि शिरूर अनंतपाळहून शेषेरावांच्या मेहुण्याचा निरोप आला की त्याचीही म्हैस चार वाजता एकाएकी उठून उभी राहिली होती. भूकंपाची कुठंच नोंद नाही असं कुणीतरी म्हणालं. मी हसून म्हटलं की बारीक धक्के यंत्राला कळत नाहीत, अनुभवी माणसाला कळतात.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा ताटं वाजली. तिसऱ्या दिवशीही. मग लोक घड्याळ बघूनच बाहेर येऊ लागले. पावणेचारला ओट्यांवर सतरंज्या पडत. पोरं पुस्तकं घेऊन बसत. एकानं चहाची किटली आणली. चार वाजता यशोदाबाईंची हाक यायची, लोक 'आला, आला' म्हणायचे, आणि मी उभ्या उभ्या पाच मिनिटं भूगर्भावर बोलायचो. नोकरीत असताना पोरांनी माझं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

ती मजा अयोध्यानं संपवली. एका सकाळी ती चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली की आजी सामान बांधते आहे. किल्लारीचं घर भूकंपानंतर बांधलेलं, पक्कं. लातूरची भुई खराब झाली, आता किल्लारीच बरी, असं आजीचं ठरलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली, क्लासच्या शेवटच्या चाचण्या चालू. आता ही पोर गावी गेली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"सर, तुमी सांगितल्यावर ऐकल ती. तुमचं लई खरं मानती."

मी चहाचा कप तिच्या हातून घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मी ठरवलं, आज बाहेर जायचं नाही. झोपायचंही नाही. स्वयंपाकघरात उभं राहून धक्का शास्त्रीय नजरेनं बघायचा आणि तो किरकोळ आहे असं आजीला सांगायचं. कमरुन्निसानं मला खूप ओढलं, पण मी हललो नाही. गल्ली बाहेर, मी एकटा आत. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला शूर वाटलो.

चार वाजले. घुंईऽऽ. ताटं थरथरली. पण फरशी? फरशी गप्प. मी वर पाहिलं. पिठाच्या डब्यावर माझा फोन थरथरत होता आणि थरथरता थरथरता झाकणाच्या कडेकडे चालला होता. मी तो उचलला. ताटं थांबली. पडद्यावर सादियानं लिहून ठेवलेलं होतं: 'अब्बा, उठा. चार वाजले. आता चालायला जा.'

माझं पोट कमी व्हावं म्हणून लेकीनं लावलेला तो गजर होता. घरात आवाज नको म्हणून नुसता थरथरणारा. म्हणून तर खिशात ठेवा म्हणाली होती! मी फोन घाईघाईनं कुडत्याच्या खिशात टाकला. बाहेर लोक माझ्या भाषणाची वाट बघत होते.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? बाहेर जाऊन सांगून टाकलं असतं. मी काय केलं? फोन घेऊन तासभर जे दिसेल ते बंद करत सुटलो. गजर बंद, व्हायब्रेट बंद, सगळं बंद. उद्या धक्का येणार नाही, लोक विसरतील, आजीही राहतील, आणि माझी अब्रूही राहील.

दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि काहीच झालं नाही. सव्वाचार झाले. पोरं जांभया देऊ लागली. मी आनंदानं म्हणालो, बघा, थांबला! आणि यशोदाबाईंकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"मास्तर, आमच्याकडं बी असंच झालतं," त्या हळूच म्हणाल्या. "आदी वरीसभर हादरत व्हती. मग गप झाली. आमी म्हनलं, सुटलाव. गनपती बुडवून आलाव, जेवलाव, आन् निजलाव."

किटलीवाल्यानं किटली उचलली. यशोदाबाईंनी तिथूनच भारतला फोन लावून सांगितलं, उद्या सकाळी जीप घेऊन ये. मी स्वतःवर इतका चिडलो की काय सांगू. हलली तरी ही बाई जाणार, आणि न हलली तर त्याहून आधी जाणार, ही सोय मी स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.

मग सांगितलं. भर गल्लीत, सगळ्यांसमोर. भूकंप नव्हता, माझा फोन होता, पिठाच्या डब्यावर होता. वाटलं होतं लोक हसतील, शिव्या देतील. कुणी विश्वासच ठेवला नाही! शेषेराव म्हणाले, सर, खाट पूर्व-पश्चिम सरकली ती काय फोननं सरकवली? त्यांच्या मेहुण्याची म्हैसही साक्षीला उभी होतीच. आणि यशोदाबाईंनी तर माझे दोन्ही हात हातात घेतले.

"लेकराचं नुस्कान होऊ ने म्हनून खोटं बोलायलाव न्हवं? तुमचा जीव मोठा हाय, मास्तर. पन आमी जाताव."

जन्मात एवढी बाजू घेणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि भेटलं ते नेमकं नको तेव्हा.

सकाळी दारात जीप उभी राहिली. भारतनं गादीची वळकटी टपावर टाकली. अयोध्या पुस्तकांच्या पिशवीवर बसून होती, रडत नव्हती, नुसती बसून होती. मला ते बघवेना. मी यशोदाबाईंना म्हटलं, आक्का, फक्त पाच मिनिटं आत या. सगळी गल्ली आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जमली. मी फोन ऐटीत पिठाच्या डब्यावर ठेवला आणि कमरुन्निसाला फोन लावायला सांगितलं. तिनं लावला. पडदा उजळला. फोन ढिम्म.

मी तो उचलला, बटणं दाबली, परत ठेवला. ढिम्म. परवा सगळं बंद केलं होतं, ते चालू कुठून करायचं ते काही सापडेना. पडदा आधी उलटा झाला, मग फोटो निघाला. घाम पुसत मी फोन झटकला. भारतनं जीपकडे पाहिलं.

कमरुन्निसा म्हणाली, "अजी, फोन बच्ची के हात में देव. तुमारा भूगोल रहने देव."

अयोध्या उठली. तिनं फोन घेतला, अंगठा इकडून तिकडे फिरवला आणि सादियाचा गजर पुन्हा लावला, पुढच्याच मिनिटाचा. फोन डब्यावर ठेवला. सगळे श्वास रोखून उभे. घुंईऽऽ! ताटं थरथरली, पेला गडगडत खाली आला. गल्लीनं आधी मांडणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेषेराव एवढे हसले की भिंतीला टेकले.

यशोदाबाई मात्र तिथं नव्हत्या. त्या रस्त्यावर होत्या, अयोध्याचं मनगट धरून, जीपच्या पलीकडे. फोन आहे हे डोळ्यांनी बघितलं होतं, तरी पाय थांबले नव्हते. शेषेराव भिंतीपासून सरळ झाले. भारत जाऊन आईजवळ उभा राहिला.

थोड्या वेळानं त्या स्वतःच आत आल्या. डब्याच्या झाकणावर हात ठेवला, त्यातली थरथर तळव्यानं बघितली. मग भारतला म्हणाल्या, वळकटी उतरव. मी कान पकडले आणि आता हा गजर कायमचा बंद करतो म्हणालो. त्यांनी मला थांबवलं.

"राहू द्या की. येळंवर येतो, कुनाचं काई नेत न्हाई. असला भूकंप बरा."

तेव्हापासून फोन रोज दुपारी त्याच डब्यावर असतो. अयोध्या परीक्षा देऊन गेली, आता नांदेडला डॉक्टरकी शिकते. पण यशोदाबाईंची भाची तिच्या मुलाला घेऊन त्याच खोलीत आलीय, आणि गल्लीची सवय काही मोडली नाही. चारला ताटं वाजली की भाची हाक देते, पोरं पुस्तकं मिटून बाहेर येतात, थोरली माणसं चपला घालतात आणि सगळा जथा कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत पाय मोकळे करून येतो. शेषेरावांची साखर उतरली. कमरुन्निसाचे गुडघे सुधारले. सादिया नांदेडहून विचारते, अब्बा, गजर वाजतो ना, चालणं होतं ना रोज? मी सांगतो, हो बेटा, गल्लीत एकही माणूस घरात राहत नाही.

ते खरंच आहे, एक सोडून. फोन असतो स्वयंपाकघरात आणि मी मधल्या खोलीत. माझी झोप तेवढ्यानं मोडत नाही.