जर्सी गाय, खिलार बैल आणि हातभर मेपल

झाडाला ताप आलाय की नाही हे रोज सकाळी थर्मामीटर लावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा, आणि ते थर्मामीटर गुरांचं होतं. गुरांना ते कुठे लावतात हे मी इथे लिहीत नाही. आमचे गुरुसिद्धाप्पा मात्र ते धोतराला पुसून खुशाल कुंडीतल्या मातीत खुपसायचे, घड्याळात दोन मिनिटं मोजायचे आणि भिंतीवरून ओरडायचे, “ओ हेडक्लार्क! आज पंच्याण्णव. बरं हाय!”

मी कचेरीत नुकताच हेडक्लार्क झालो होतो. कचेरीत त्याची कुणी दखल घेतली नाही, पण आप्पांमुळे पार सात रस्ता चौकापर्यंत सगळ्यांना कळलं.

आप्पा जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. रिटायर होताना लोक शाल-नारळ घेऊन येतात, हे थर्मामीटर घेऊन आले. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरल्या मैंदर्गीचे. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी सुमा, ती लग्न होऊन कॅनडाला गेली त्याला सहा वर्षं झाली होती.

एका थंडीत सुमाच्या ओळखीच्या एका बाईंबरोबर तिकडून एक डबा आला. त्यात मेपलच्या पंखवाल्या बिया आणि आल्याच्या गड्ड्यांसारखे, आयरिस नावाच्या फुलझाडाचे पाच कंद. सोबत चिठ्ठी: मेपलच्या बियांना तीन महिने थंडी दाखवल्याशिवाय त्या उगवत नाहीत.

सोलापुरात तीन महिने थंडी! आप्पा सरळ आमच्याकडे आले, कारण गल्लीत फ्रीज एकच, आणि तो आमचा. ओल्या वाळूचा डबा दुधाशेजारी बसला. आमची ही इतके नवस करून घेतलेला फ्रीज शेजारणींना दाखवायची, आणि त्या आत वाळू बघून गप्प घरी जायच्या.

बारा बियांतली एक उगवली. त्या दिवशी आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. “काय झालं हो, नातू?” कुणीतरी विचारलं. “मेपल!” आप्पा म्हणाले. विचारणाऱ्याने ते नातवाचंच नाव समजून अभिनंदन केलं.

दोन्ही झाडं एकाच घरची, एकाच डब्यातून आलेली, पण त्यांचा स्वभाव किती वेगळा हे आप्पा मला रोज समजावून सांगायचे.

“हे बगा. मेपल म्हंजे जर्सी गाय. तिला सावली पायजे, पायाखाली गारवा पायजे, दोन टाइम पाणी पायजे. दुपारचं वारं लागू द्यायचं न्हाई. आन् आयरिस म्हंजे खिलार बैल. उन्हात बांदा, आट दिसांनी पाणी दाखवा. निम्मी पाठ मातीच्या वर पायजे, ऊन खाऊ द्या तिला. लाड केलं की बिगडलं! दोगांला एका दावणीला बांदाय येत न्हाई.”

म्हणून जर्सी खाली न्हाणीच्या भिंतीआड आणि खिलार वर माळवदावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर. मे महिन्यात आमची पोरं घामोळ्यांनी रडत होती आणि मेपलभोवती ओल्या गोणपाटाचे पडदे होते. मी एकदा म्हणालो, “आप्पा, दुपारी मला जरा तुमच्या कुंडीशेजारी बसू द्या.” ते गंभीरपणे म्हणाले, “नको. तुमचं अंग लई गरम असतंय.”

आणि ते झाड जगलं. दिवाळीपर्यंत चांगलं हातभर झालं. तेवढ्यात सुमाचं पत्र आलं, डिसेंबरात येते आहे, पंधरा दिवसांसाठी. आप्पांनी उलट टपाली लिहिलं: झाड हातभर झालंय, ये आणि बघ.

इथे मी गोष्टीत शिरलो आणि घोळ झाला.

आप्पांना भाचीच्या लग्नाला चार दिवस मंद्रूपला जायचं होतं. झाडं माझ्यावर सोपवताना त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. मी कागदावर दोन रकाने आखून ते टिपून घेतलं आणि कागद कचेरीत विसरलो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माळवदावर गेलो. कंद अर्धे उघडे.

“अगं बाई,” ही म्हणाली, “हळद अशी उघडी टाकतं का कुणी? उन्हानं पाठ भाजली की बिचाऱ्यांची.”

मलाही दया आली. मी दोन घमेली माती ओढली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. रोज. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे खाली मेपलपर्यंत काही पोचलं नाही. थोडक्यात, गायीची वैरण मी बैलाला घातली.

आप्पा परत आले ते पिशवी न ठेवता वर गेले, आणि वरून कानडी सुरू झालं. “बेड, बेड, बेड!” म्हणजे नको, नको, नको. मग मराठी. “हेडक्लार्क! बैलाला गोदडी पांगरलीत व्हय तुमी?” पाचातले दोन कंद कुजले होते. तीन त्यांनी उकरून, पुसून पुन्हा उन्हात बसवले. मेपलला चार दिवस पाणी नव्हतं, हे मात्र मी बोललो नाही.

आठ दिवसांनी मेपलची पानं लाल झाली. “रगात उतरलंय,” आप्पा म्हणाले. मग ती गळायला लागली. थर्मामीटरचा पारा वर चढेचना. “अंग गार पडाय लागलं.” त्यांनी गूळ-ओव्याचा काढा करून मुळाशी पाजला. मुंग्या आल्या, पानं नाही आली. सुमा यायच्या आठवडाभर आधी कुंडीत एक उघडी काडी उभी होती.

मी भिंतीपाशी जाऊन सगळं कबूल केलं. वाटलं, आता दोन्ही भाषा ऐकाव्या लागणार. आप्पा एकदाही ओरडले नाहीत. “झालं ते झालं,” म्हणाले. “पन सहा वर्सांनी लेक येतीय. तिला मी ये आन् बग म्हणून लिवलंय. काय दावू, काडी?”

सुमा आली. आप्पांनी तिला मागच्या दाराकडे जाऊच दिलं नाही. आधी चहा घे. आधी गव्हाची गोड हुग्गी खा. आधी जरा पड. हुग्गीची दुसरी वाटी संपवून ती हात धुवायला उठली, आणि हात धुवायची जागा न्हाणीच. आप्पा, मी आणि ही तिच्या मागे, पंचनाम्याला उभं राहिल्यासारखे.

“सुमा, चूक माझी आहे,” मी म्हणालो. “मी चार दिवस पाणीच...”

ती कुंडीशी वाकली. नखाने त्या काडीची साल जराशी खरवडली. आत हिरवंगार.

“मेलंय कुठं? झोपलंय ते, काका,” ती हसायला लागली. “थंडीत असंच असतं. पानं लाल होतात, गळतात. तिकडं तर सगळा गाव असा उघडा दिसतो.”

मी इतका मोठा सुस्कारा सोडला की हिने माझ्याकडे वळून बघितलं. एका खुनातून मी निर्दोष सुटलो होतो! त्या आनंदात मी ओल्या न्हाणीत घसरलो आणि गोणपाटाचा पडदा धरून कसाबसा उभा राहिलो. सुमा पदर तोंडाला लावून हसत होती.

आप्पा हसले नाहीत. ते कुंडीपाशी उकिडवे बसले होते. त्या हिरव्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, मग दुसऱ्यांदा फिरवलं.

“आन् परत पानं कदी येतील?”

“मार्चमध्ये.”

“म्हंजे तू गेल्यावर.”

“हं.”

“तंवर काय करायचं हेला? काडा? गोणपाट?”

“काही करायचं नाही, आप्पा. नुसती वाट बघायची.”

आप्पांनी मान हलवली.

“ते येतंय की मला,” ते म्हणाले.