हॅस्केलला जागं करायची ओळ

सकाळी अकराला नांदेडच्या ऑफिसात सुकन्यानं कालचा कोड सहज उघडला आणि ती खुर्चीतून ताडकन उठली. अर्धापूरच्या शेषेरावांच्या केळी पिकवायच्या खोलीतलं यंत्र सी भाषेतल्या प्रोग्रॅमवर चाले. गॅस कधी, किती सोडायचा याचं गणित तिनं हॅस्केल या दुसऱ्या भाषेत लिहून, कंपाइल करून कालच त्याला जोडून दिलं होतं. पण हॅस्केलला काम सांगण्याआधी त्याला जागं करायची एक ओळ सीमध्ये लिहावी लागते. ती ओळ चाचणीच्या प्रोग्रॅमात होती, खऱ्यात नव्हती. म्हणजे पहिल्याच गणिताला अख्खा प्रोग्रॅम मरणार, आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर उघडाच राहणार.

तिनं फोन लावला. "काका, यंत्र चालू आहे ना?"

"हाव, हाय की," शेषेराव म्हणाले आणि फोन कट झाला. पुन्हा तो लागेचना.

स्कूटीवरून जाताना तिला आधी काळी पडलेली केळी दिसत होती. अर्धापूर जवळ आलं तसे गॅसनं बेशुद्ध पडलेले शेषेराव दिसू लागले.

पोचून बघते तर शेषेराव धडधाकट होते. खोलीच्या दाराला पाठ लावून उभे होते, पण कपाळावर घाम होता.

"या म्याडम. आधी च्या घ्या."

"आधी दार उघडा."

"कशाला? आत लई गार हाय. तुमाला सोसायचं न्हाई."

सुकन्याला रडूच फुटलं. "काका, चूक माझी आहे. एक ओळ लिहायची राहिली. यंत्र कालच बंद पडलं असणार."

शेषेराव मटकन खाली बसले. "तुमची चूक? मला वाटलं, माझंच बोट कुठं चुकीचं लागलं. पडदा काळा झाला, म्या वायरच उपसली. तवापासून तुमच्या फोनला भिऊन राहिलो."

"मग केळी?"

त्यांनी दार उघडलं. आत त्यांच्या पत्नी साखराबाई शाल गुंडाळून घडांचा वास घेत हिंडत होत्या आणि गॅसची तोटी हातानं फिरवत होत्या. हिरवी केळी छान पोपटी झाली होती.

सुकन्यानं वायर परत जोडली आणि लॅपटॉप काढून यंत्रात ती ओळ घातली. पडद्यावर आकडे हलू लागले आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"काकूंना सांगा आता, तोटी सोडा म्हणावं. यंत्र करेल सगळं."

"तुमीच सांगा की," शेषेराव हळूच म्हणाले.

साखराबाई तोटीवर हात ठेवून यंत्राकडे रोखून बघत होत्या. सुकन्या दोन पावलं टाकून थबकली.

"ऱ्हाऊ द्या म्याडम," शेषेराव म्हणाले. "यंत्रच बंद करा. त्ये रागावत न्हाई."