खरकटी बेरीज

मुंबईहून बंगळूरला बदली झाली तेव्हा उमाकांतनं संसारातलं काय जपून आणलं म्हणाल, तर भोकं पाडलेल्या कार्डांचा एक खोका! गाडीत तो खोका सीटवर ऐसपैस आणि बायको, अलका, कडेला अंग चोरून. क्रेनचा गर्डर किती वजन पेलेल, याचं गणित त्या कार्डांत फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेत मांडलेलं होतं आणि मुंबईच्या मशीनवर ते कधी चुकलं नव्हतं.

"फोरट्रान म्हणजे फोरट्रान! मशीन बदललं म्हणून उत्तर बदलतं होय?" नव्या कचेरीत तो सगळ्यांदेखत म्हणाला.

उत्तर बदललं. नंदकिशोर साहेब शेजारी उभे असताना मशीननं छापलं, की हा गर्डर अख्खं विमान पेलेल. कार्डं पुन्हा घातली, तर त्याच गर्डरला सायकलही झेपेना.

"मशीन खुळं आहे," उमाकांत म्हणाला.

"बाकीच्यांची गणितं बरोबर येतायत," साहेब म्हणाले.

झालं! नाचता येईना, अंगण वाकडं. मशीन चालवणारी वसुमती समोरच उभी होती. निपाणीकडची, नोकरीत नवीन. उमाकांतनं तिच्याकडे बोट केलं. "हिनंच कार्डं पाडून उलटसुलट केली असणार!"

"नाही हो सर, देवाशप्पथ! स्वल्प, जरासं बघा तरी, नंबर ओळीनं हायेत की." ती रडकुंडीला आली. पण साहेबांनी तिला मशीनवरून उठवलं. नोकरीचं काय ते उद्या बघू म्हणाले. उमाकांत ताठ मानेनं घरी आला.

अलका भांडी तशीच टाकून शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. त्यानं ओट्यावरचं हाताला लागेल ते पातेलं घेऊन ऐटीत चहा टाकला. पहिल्याच घोटाला ठसका! चहात हिंग आणि मोहरी. पातेलं सकाळच्या साराचं होतं.

थुंकता थुंकता तो थांबला. मुंबईचं मशीन दर गणिताआधी आपणहून सगळं पुसून शून्य करायचं. हे नवं मशीन काही पुसत नव्हतं. आधीच्या माणसाचे आकडे तसेच पडून राहायचे आणि उमाकांतची बेरीज त्यातच शिजायची. 'आधी शून्य कर' एवढं एक कार्ड त्यानं जन्मात लिहिलं नव्हतं. वसुमतीचा चेहरा आठवला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी त्यानं सगळ्यांदेखत कान पकडले. "चूक माझी होती, वसुमतीबाई. माफ करा."

"सरी, सर," कानडीत 'ठीक आहे' एवढंच म्हणून ती पुन्हा मशीनवर बसली. नवं कार्ड घातलं आणि उत्तर मुंबईचंच आलं. पण तिनं काही त्याच्याकडे वर बघितलं नाही. ते त्याला फार लागलं.

संध्याकाळी चहा पिता पिता त्यानं अलकाला सगळं सांगून टाकलं. "लाज वाटते गं. इतकी वर्षं दुसरं कुणीतरी मुकाट्यानं धूत होतं आणि मला पत्ताच नाही!"

अलकानं कप खाली ठेवला. "लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगतेय? पण मी पडले मराठीत बोलणारी. फोरट्रानमध्ये सांगायला हवं होतं!"

उमाकांतनं मान खाली घातली, आपली कपबशी उचलली आणि निघाला.

"अहो, तिकडे कुठे? मोरी इकडे आहे!"