रिकाम्या बाजेची भेट

आमच्या गावच्या चर्चाच्या मांगच्या खोलीत एक रिकामी बाज हाये, अन् तिची खुशाली पुसल्याबिगर सायमन गुरुजी कोणाले पास करत नाईत. खोटं वाटत असंल तं येऊन पाहा. जैनथवरून ऑटो भेटते.

भर दुपारी, वरचे पत्रे तापून कडकड वाजून राह्यले असतात, तवा गुरुजी तुमाले बाजेजवळच्या स्टुलावर बसवतात. बाजेवर धुतलेली चादर, मधात उशी. माणूस नाई. तुमी पुसायचं, "कसं वाटून राह्यलं आज?" मंग धा मिनिटं चूप बसायचं. मांगून गुरुजी हळूच पुसतात, "काय म्हणे?"

आता बाप्पा, रिकामी बाज काय म्हणणार!

मी वीज खात्यात लाइनमन. वादळवाऱ्यात खांबावर चढलो, कधी हात कापला नाई. पण त्या स्टुलावर पहिल्यांदा बसलो अन् मानेवरचे केस उभे झाले. काऊन, तं आपण पुसलं की खरंच वाटते, आता कोणीतरी उत्तर देईन.

हा सारा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. आमची मंडळी म्हणजे अकरा घरं. पाळकसाहेब आदिलाबादले राहतात, त्यायच्याकडं चार गावं. आमच्या वाट्याले महिन्यातून एक रविवार येते. बाकीच्या रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायले, प्रार्थना घ्यायले, आजाऱ्याले भेटायले गावातलाच एक माणूस तयार करतात. त्याले वाचक म्हणतात. तीस वर्षं गुरुजीच आमचे वाचक होते. आता त्यायचे डोळे गेले. साहेबानं सांगून टाकलं, ईस्टरपर्यंत नवा वाचक द्या, नाई तं इथली उपासना बंद, साऱ्यायनं शहरात या. माही माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिचा पाय ऑटोत चढत नाई. चर्च सोडून दुसरीकडं ती कुठं जात नाई. म्हणून मी नाव देल्लं.

आमी तिघं होतो. मी, शेजारच्या गावची शांताबाई, अन् तलमडुगूचा एक कंपाउंडर. कंपाउंडर पहिल्या दिवशी बाजेजवळ बसला, चार मिनिटांनी उठला, अन् चपला न घालताच मोटरसायकलवर पळाला. वापस आलाच नाई.

गुरुजी उंच, वाळलेले. उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्यापर्यंत बटन. चालले तं पायाचा आवाज येत नाई. आपण त्यायच्याबद्दल काई बोलून राह्यलो असलो अन् मांगं वळून पाह्यलं, तं हे उभेच! "बूड टेकवा, मंग तोंड उघडा," हे त्यायचं ठरलेलं वाक्य. त्यायच्या मतानं, उभ्याउभ्या केलेली प्रार्थना देव उभ्याउभ्याच ऐकते. आजाऱ्याकडं जाताना मोबाइल बंद, घड्याळ खिशात. "होईन बरं" म्हणायचं नाई. "काऊन, तुमी डाक्टर हाय का?" अन् त्या घरचा चहा प्यायचाच. एका घरी चहात साखरेच्या जागी मीठ पडलं होतं, तं गुरुजीनं दोन कप घेतले. आमी हसलो तं चिडले. "ती बाई चार दिवस झोपली नव्हती. तिले सांगू का, चहा बिघडला म्हणून?"

माही शाळा तेलुगूत झाली. मराठी शास्त्र मी बोट ठेवून वाचतो. गुरुजीले पान दिसत नाई, पण मी अडकायच्या आधी ते तो शब्द म्हणून मोकळे. मी कुठं अडकणार, ते त्यायले कसं समजे, देव जाणे.

पण माही गाडी अडली ती बाजेपाशी. पहिल्यांदा मी म्हणलं, "काई म्हणे नाई."

"मंग तुमी ऐकलं नाई. नापास."

दुसऱ्यांदा म्हणलं, "बरं हाये म्हणे."

"लाइनमन, तार न तपासता करंट हाये म्हणून सांगता का? नापास."

मंग एक दिवस शांताबाई बसली. मी मांगं बाकावर, गुरुजी माह्या बाजूले. वारा पडला होता, पत्रेही वाजत नव्हते. गुरुजीनं पुसलं, "काय म्हणे?" अन् शांताबाई बोलली, "खिडकी लावू नका म्हणे."

गुरुजीचा चेहरा चुन्यावानी पांढरा झाला. ते उठले, चाचपडत भिंतीपाशी गेले, खिडकी सताड उघडली. आगीसारखी झळ आत आली. "शांताबाई पास. आज पुरे," येवढंच म्हणाले.

ऑटोत बसवून द्यायले गेलो, तवा मी शांताबाईले पुसलं, "काय वं, हे कुठून काढलं?"

ती पदर चावत बसली होती. "भाऊ, मी पाणी पायजे म्हणे, असं सांगणार होती. ठरवूनच आली होती. तोंडातून ते कसं निंघालं, मले नाई समजलं." त्या दिवसापासून ती त्या खोलीत पाय टाकत नाई; वाचकासाठी देल्लेलं नावही तिनं मांगं घेतलं.

ईस्टरले आठ दिवस उरले. परीक्षा माही एकट्याची. दुपार कशी, गावात कुत्रंही भुकत नव्हतं. मी पुसलं, "कसं वाटून राह्यलं आज?" अन् चूप बसलो. जरा वेळानं बाज कुरकुरली. देवाशपथ कुरकुरली! उन्हानं लाकूड वाजते, मले समजते. पण उशी मधात दबल्यासारखी दिसली, अन् माह्या पाठीतून घामाचा थेंब उतरला.

"काय म्हणे?" गुरुजीनं पुसलं. आवाज त्यायचा वाटेना. मी वळलो. ते बाकावरून पुढं वाकले होते, अन् त्यायचे ओठ थरथरत होते.

काईबी ठोकून देल्लं असतं तं पास होतो. मायचा चेहरा डोळ्यापुढं आला. पण त्या ओठायकडं पाहून मले खोटं बोलवेना. "गुरुजी, मले काई ऐकू आलं नाई. नापास करा."

त्यायनं काठी बाजूले ठेवली. मंग म्हणाले, "मार्थाची बाज हाये ही."

गुरुजीची बायको वारली तवा मी उटनूरले नोकरीवर होतो. बाज तिची, हे मले कोणी सांगतलंच नव्हतं.

"दोन वर्षं पडून होती, याच खोलीत; तवा आमचं घर हेच. अन् मी सायकलवर. याच्या घरी प्रार्थना, त्याच्या घरी प्रार्थना. साऱ्यायपाशी बूड टेकवलं, लाइनमन. घरी आलो की उभ्याउभ्या पुसायचो, गोळी घेतली का? झळ येते म्हणून खिडकी लावून निंघायचो. ती म्हणे, लावू नका. मले वाटे, तापात बडबडते. त्या खिडकीतून रस्ता दिसे. मी घरी येतो तो रस्ता." त्यायनं तोंडावरून हात फिरवला. "गेली त्या दिवशी मी एका माणसाच्या सर्दीसाठी प्रार्थना करत होतो. शेवटचं काय म्हणली, कोणाले माहीत नाई. सात वर्षं झाली, रोज मी या स्टुलावर बसतो. शांताबाईशी बोलली. परक्या बाईशी! मले काऊन काई म्हणत नसंल?"

मी स्टूल उचललं, गुरुजीच्या पुढं ठेवलं अन् बसलो. "गुरुजी," मी म्हणलं, "तुमाले कसं वाटून राह्यलं?"

सात वर्षांत हे त्यायले कोणी पुसलं नव्हतं. गावात पुसणारा माणूस तेच ना! मी घड्याळ काढून खिशात टाकलं. मले लय लाज वाटली. साऱ्या गावाचीच वाटली. शेवटी ते म्हणाले, "जेवण जात नाई, लाइनमन. एकट्याले जेवण जात नाई."

मंग ते बोलत राह्यले अन् मी ऐकत राह्यलो. ऊन कललं तवा त्यायनं मले नंबर लावून मांगतला अन् पाळकसाहेबाले फोनवर सांगतलं, "वाचक तयार हाये. इथलं दार उघडंच राहीन." फोन माह्या हातात देल्ला, काठी घेतली, अन् पहिल्यांदाच मले अरेतुरे करत म्हणाले, "चाल. मायनं आज काय रांधलं हाये तुह्या घरी?"