मुक्कामालाच या

शेवटी जावक कारकुनावर कुणी विश्वासच ठेवेना. असो. तसं काही अजून घडलंच नाही, असं धरून पुढे जाऊ.

एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन कारकून. एकाकडे कचेरीत येणारी पत्रं, म्हणून तो आवक. दुसऱ्याकडे बाहेर जाणारी, म्हणून तो जावक. आवक दिवसभर नाकातून गुणगुणायचा, जावकच्या पेनाचं टोपण चावायचा आणि त्याच्या डब्यात डोकावून, न चाखताच, मीठ कमी असल्याचं जाहीर करायचा. भांडणं जावकच्या स्वभावात नव्हतं. तो गोड बोलून चिमटे काढायचा.

"काय गळा आहे हो! असा रोज वापरून झिजवू नका."

"नाही झिजत. रियाज आहे."

अडचण अशी, की येईल ते आहे तसं दाखल करून घेणं हेच आवकचं काम होतं. चिमटाही तो तसाच दाखल करून घेई.

एका शनिवारी आवकनं आपल्या घराच्या रंगकामाची कहाणी तिसऱ्यांदा सुरू केली. बायको बहिणीकडे गेलेली, वासानं डोकं धरतंय वगैरे. जावकनं हात जोडले. "दिवसभराची सोबत पुरत नाही हो मला. आता मुक्कामालाच या!"

संध्याकाळी आवक दारात हजर. बॅग, उशी आणि तुळस नसलेली एक कुंडी.

"एवढे हात जोडलेत तुम्ही. म्हटलं, मन कशाला मोडा?"

"या, या. आपलंच घर समजा."

आवक तसं समजला. पलंग खिडकीशी गेला, डबे फळीवरून उतरले, साखर मिठाच्या जागी आली.

"वा! माझ्याच घरात मला काही सापडेना. केवढी प्रगती!"

"थांबा हो, कपाट राहिलंय अजून."

पण सकाळी कुणीतरी "उठा, पाणी जाईल!" म्हणून ओरडू लागलं. जेवताना कुणीतरी "कशी झालीय?" विचारून उत्तराची वाट पाहू लागलं. एका संध्याकाळी जावकला खालून आपल्या खिडकीत दिवा दिसला, तेव्हा चुकीच्या इमारतीत आलो समजून तो परत फाटकापर्यंत गेला. मग घरात एकच खुर्ची असल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्यानं दुसरी आणली.

त्याच आठवड्यात रंग वाळला. बायको परतली. आवक गेला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत आवक म्हणाला, "फार त्रास दिला हो तुम्हाला."

"छे! बरं वाटलं फार. परत या ना."

आवकनं टेबलावर थाप मारली. "काय हाणलात! बायकोनं उलगडून सांगितलं सगळं. म्हणाली, अहो, ते टोमणे मारतात आणि तुम्ही उशी घेऊन गेलात?"

"टोमणा नाही हो. खरंच या."

"वा! चेहऱ्यावरची रेघ हलत नाही तुमच्या!"

"शप्पथ."

"बास, बास, पोट दुखलं!" आवकनं डोळे पुसले आणि कामाला लागला. गुणगुणला मात्र नाही. जावकला त्रास नको म्हणून.

दुपारपर्यंत टेबल चिडीचूप होतं. मग जावकनं एक कागद समोर सरकवला:

"प्रति, आवक विभाग. 'परत या' हे आमचे तोंडी निवेदन कोणत्याही उपरोधाविना करण्यात आले असून ते शब्दशः ग्राह्य धरावे, व याबाबतचा निर्णय अर्जदाराच्या चेहऱ्याकडे न पाहता घेण्यात यावा, ही नम्र विनंती."