बिरूमामा आणि तेलाचा दिवा

मी बी.एस्सी. होईपर्यंत आमच्या घराला इंजिन असलेलं एकच वाहन ठाऊक होतं, ऊसतोडीला नेणारा ट्रक. दसरा झाला की आई-बाबा त्यात बसून जायचे आणि उन्हाळा लागला की परत यायचे. शिरूर कासारच्या बाजूला हे इतकं नेमाचं, की शाळेत ‘आईवडील कुठं आहेत’ असं कुणी विचारत नसे. मी वसतिगृहात राहून शिकले. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा बाबांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “कागद जाड हाय.” एवढंच. पण आल्या-गेल्याला ते तो कागद हातात घेऊन बघायला लावत, जाडी कळावी म्हणून.

हे सांगायचं कारण, बिरूमामांची आणि माझी ओळख त्याच वर्षी वाढली.

बिरूमामा आमच्या गावचे मोटारसायकल मिस्त्री. त्यांना मोटारसायकल चालवता येत नाही. मी थट्टा करत नाही. पंचवीस वर्षं ते गाड्या दुरुस्त करतात आणि अजून एकदाही त्यांनी पायाखाली गिअर घेतलेला नाही. दुरुस्ती झाली की गाडीच्या मालकालाच त्यांच्या पत्र्याच्या शेडभोवती चकरा मारायला लावतात. स्वतः मध्ये उभे राहून, डोळे मिटून, आवाजाकडं कान करून जागच्या जागी फिरतात. रस्त्याने जाणारं माणूस म्हणेल, याच्या अंगात आलंय.

“मामा, आता तरी शिका की गाडी,” असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. “गुरांच्या डाक्तराला म्हशीवर बसून हिंडावं लागतंय का बे?”

मामांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तेही वयाच्या पंचविशीपर्यंत मेंढरांमागंच होते. ते सोडून मिस्त्री झाले, पण भाषा बदलायची राहून गेली. गाडीला ते जनावर म्हणतात. गाडी बंद पडत नाही, ‘बसती’. धूर सोडत नाही, ‘ढास लागती’. एका सरपंचाने नवी कोरी गाडी दाखवायला आणली, तर मामा तिच्याभोवती फिरून म्हणाले, “दिसाया बरं हाय, पर मागल्या पायात जोर न्हाई.” सरपंच चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात मागचं चाक घेऊन आले.

मला तेव्हा सतरा किलोमीटरवरच्या एका दूध केंद्रात दूध तपासायचं काम लागलं होतं. सकाळी सहाला हजर राहायचं. “तीन महिने बघू. एक खाडा झाला की दुसरं माणूस घेऊ,” असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. मी कायम झाले तर आई-बाबांनी त्या साली तोडीला जायचं नाही, असं घरात ठरलं होतं. त्या वेळेला तिकडं एसटी नव्हती. म्हणून मी सुट्टीवर आलेल्या एका फौजीची जुनी, दांडगी मोटारसायकल घेतली. ती फार कुणी घेत नव्हतं, कारण तिच्या मीटरमध्ये एक लाल दिवा मधूनच लागायचा आणि विझायचा.

आमच्याकडच्या बऱ्याच साध्या गाड्यांना हा दिवा नसतोच. त्यावर किटलीचं चित्र होतं. बाबा म्हणाले, “चहाची येळ झाली म्हणून सांगती आसंल.” मग त्यांनी आईच्या पाकिटातली एक मोठी टिकली काढून दिव्यावर चिकटवली. दिवा दिसेनासा झाला आणि आमच्या घरापुरता प्रश्न मिटला.

मामांनी ती टिकली पाहिली, नखाने खरवडून काढली आणि बाबांकडं वळले. “जनावर वरडाया लागलं म्हणून त्याचं त्वांड बांदतेत व्हय?”

“लई न्हाई वरडत मिस्त्री, मधूनच,” बाबा म्हणाले.

“मधूनच वरडतंय त्येच वंगाळ. कायम वरडणारं माझ्या लगेच ध्येनात येतंय.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “काय ग्रॅजवेट, ह्यो दिवा कशाचा हाय म्हाईत हाय का?”

मी म्हणाले, “तेलाच्या दाबाचा. इंजिनात तेल नीट फिरलं नाही की लागतो.”

“आन् तेल फिरलं न्हाई तर?”

“इंजिन जाम होईल.”

“अंधारात, ऐन रस्त्यात. सहाला कोन पोचणार हाय मंग, तुजी डिगरी?”

ते मला ग्रॅजवेट म्हणत, ते कौतुकाने की टोमणा म्हणून हे मला त्या वर्षी शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र ते कौतुक धरून चालत होते. गावात पदवी घेतलेली मी पहिली मुलगी होते आणि त्याचा मला गर्व होता, अजून आहे.

मामांनी तेल पाहिलं, बोटावर चोळलं, हुंगलं. तेल भरपूर आणि चांगलं. इंजिनावर तेलाचा दाब ओळखणारं एक लहानसं बटण असतं, तेच खोटं बोलत असेल म्हणून बीडहून नवं आणून बसवलं. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. शेडभोवती मी चाळीस चकरा मारल्या, मामा चाळीस वेळा फिरले, पण दिवा काही लागला नाही. मामांनी हात पुसले.

“ह्ये जनावर घरी चांगलं वागतंय. रानात काय करतंय त्ये रानातच बघावं लागतंय. आसं कर, जितं दिवा लागंल तितं लगीच इंजन बंद करायचं, आन् रस्त्याच्या कडंला एक दगड ठिवून फुडं जायचं.”

मी विज्ञान शिकलेली मुलगी. रोज पहाटे रस्त्याच्या कडेला दगड ठेवत नोकरीला जाऊ लागले. रोज थांबायला लागेल म्हणून वीस मिनिटं आधी निघायचे. पंधरा दिवसांत अकरा दगड झाले. मग एका सकाळी मामा ते बघायला निघाले. गाडी चालवता येत नसल्याने सतरा किलोमीटर पायी. जाता जाता प्रत्येक दगडाशी उभं राहून रस्ता न्याहाळला आणि दुपारी दूध केंद्राच्या फाटकाशी येऊन बसले.

“समदे दगड उजव्या वळणावर हायत,” ते म्हणाले. “आन् समद्या वळनाच्या आदी एक तर उतार हाय, न्हाई तर खड्डा.”

मी तिथंच गाडी चालू करून हँडल पूर्ण उजवीकडं वळवलं. काहीच नाही. फाटकाशी उभा असलेला दूधगाडीचा ड्रायव्हर हसला. मामा हसले नाहीत. “तू वळताना आदी काय करतीस?”

“ब्रेक दाबते.”

“मंग दाब की. म्होरलं अंग खाली बसू दे.”

मी हँडल उजवीकडं धरून पुढचा ब्रेक दाबला आणि सगळा भार पुढं टाकला. किटली लाल झाली. भार सोडला, विझली. मामांनी हेडलाइट उघडला. दिव्याकडं जाणारी एक वायर हँडलच्या मानेत घासून सोलली होती. गाडी वाकून वळली की उघडी तार लोखंडाला टेकायची आणि दिवा लागायचा. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. मामांनी वायरला पट्टी गुंडाळली, दुसरीकडून नेऊन बांधली आणि म्हणाले, “जनावर धडधाकट हाय. मानंला जू काचत हुतं.”

परत येताना ते माझ्या मागं बसले. सगळी वाट डोळे मिटून.

पुढं आठवडाभराने मी दुपारी परतताना ओढ्यापाशी मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून थांबले. तिथला मेंढका मला ओळखत होता.

“काय ताई, आता मामा येत न्हाईत?”

“कुठं?”

“हितं. तुमचा दिवा बिगडला हुता तवा रोज पाटंचं येऊन बसायचे की. पिशवीत पाने-पकड घिऊन. तुमची गाडी गेली की उठायचे.”

ओढा गावापासून चार किलोमीटर. सगळ्या वाटेत तेवढाच भाग ओसाड. मला एकदा तिथं अंधारात कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं होतं. मी गाडी जोरात पळवली होती.

मी तशीच शेडवर गेले. मामा एका स्कूटरच्या पोटाखाली होते.

“मामा, तुम्ही ओढ्यावर कशाला बसायचे?”

मामांनी आधी हातातला नट आवळला.

“सुमनला मीच कालिजात धाडलं न्हाई,” ते स्कूटरखालूनच म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची मुलगी. दहावीला ती आमच्या वर्गात पहिली होती, मी तिसरी. आता ती दिंद्रुडला नांदते. “म्हणलं, सकाळच्याला ओढ्यावर अंधार आसतोय, पोर कशी जाईल. मंग बघावं म्हणलं, अंधार कितीक आसतोय.”

“किती असतो?”

“आसतोय,” मामा म्हणाले. “पर जाता येतंय.”

मग त्यांनी मला दहा नंबरचा पाना मागितला. मी दिला.

तीन महिन्यांत माझा एकही खाडा झाला नाही. मला कायम केलं. त्या साली आई-बाबा घरी राहिले, आणि त्यानंतरही ते कधी तोडीला गेले नाहीत.