ह्यांच्या छातीतली धूळ

“मेलं कोणाच्या छातीत काही नाहीच!” माझी सुलक्षणा पुस्तकात डोकं खुपसून कुरकुरली. आमची खोली एवढीशी, की एकाने पुटपुटलेलं दुसऱ्याच्या ताटात पडावं! भाकरी थापता थापता मी ऐकलंच.

चौपन्न सालची गोष्ट. पोरगी डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेत समोर रोगी बसवणार. तिने छातीवर बोटाने ठोकायचं, नळी लावायची आणि आत काय आहे ते सांगायचं. ह्यांना कधी सवड नाही; सरावाला घरात मी, आणि माझी छाती म्हणे ‘नॉर्मल’!

“छात्या मी आणते!” मी म्हटलं. अहो, शाळेचं तोंड न बघता पोरीच्याच पुस्तकांवर वाचायला शिकलेली बाई मी. मला छात्या मिळायच्या नाहीत?

रविवारी आमची पार्ल्याची अख्खी वाडी दारात! श्यामसुंदर तर लग्नातला कोट घालून आला आणि तो काढीचना! माठ वाजवून घ्यावा तशी सुलक्षणा एकेकाला ठोकत होती. “नॉर्मल... नॉर्मल...”

तेरेसाबाई भडकल्या. “नॉर्मल? चर्चातल्या मिस्साहून थेट आले मी, उपाशी! नीट ऐक गो, काहीतरी असेलच! आणि सहदेवला दोनदा ठोकलंस, मला एकदाच?”

“पहिल्यांदा त्याचं बटण वाजलं, मावशी!”

झालं! सगळेच दुसऱ्यांदा ठोकून मागू लागले. पोरीची लाज राखायला मी ह्यांना पुढे ढकललं. “थांबा! आमच्या ह्यांच्या छातीत आहे! मिलची धूळ, वर्षभराची!”

वर्षभर खोकत होते. मी म्हणायची धूळ, सहदेव म्हणायचा विडी, तेरेसाबाई म्हणायच्या नजर. घामाने बनियन भिजायचं, त्याला मी म्हणायची उकाडा, डिसेंबरातसुद्धा! आणि जन्मात पाण्याचा तांब्या न भरलेला हा माणूस रुमाल मात्र स्वतः धुवायचा.

“नको गं,” हे माझ्या कानाशी म्हणाले. “आधी परीक्षा होऊ दे तिची.”

“परीक्षेसाठीच तर! बसा!”

चौघांनी धरून बसवलं. सदरा निघाला. सुलक्षणाने उजवीकडे ठोकलं. डब. डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली ठोकलं. ठक्. पुन्हा ठक्. काठोकाठ भरलेल्या डब्यासारखं. मग नळी लावून ती किती तरी वेळ ऐकत राहिली.

“वाजते ना गं धूळ?” मी विचारलं.

तिने नळी कानातून काढून मुठीत धरली. “मलाही ऐकू दे,” म्हणून तेरेसाबाईंनी हात पुढे केला, आणि पोरीचा चेहरा बघून तसाच मागे घेतला.

ह्यांनी सदरा खांद्यावर ओढला. “परीक्षेत अशीच मुकी बसणार आहेस? नापास करतील ना! सांग, काय आहे आत?”

“बाबा...”

“बाबा नाही. पेशंट. मिल कामगार, वय अठ्ठेचाळीस. बोल.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, “धूळ!”

“कॉपी नको,” हे म्हणाले.

“क्षय,” सुलक्षणा म्हणाली.